पांढऱ्या लघवीचे दिवस

४ मार्च
लिहायचं टाळतोय कधीचा. लाज! वहीला कसली लाज? तरी. आज लिहूनच टाकतो — मला लघवी दुधासारखी पांढरी होते. झालं. सुटलो.
समोर एकजण शिडी उलटी लावून चढतोय. पडणार... नाही पडला.

६ मार्च
घर सोडून मावशीकडे आलो तो याच्यामुळेच. थोरल्या भावाने पाहिलं होतं. म्हणाला, "ताकद चाललीय तुझी. मुलूखभर उंडारलास, आता भोग! माझ्याकडे बघ. कधी उंबरा ओलांडला नाही, तब्येत दगडासारखी."
ट्रकवर क्लीनर होतो, सर्कशीचे तंबू ठोकले. असेलही त्याचं खरं.
मावशीला नुसता अशक्तपणा सांगितलाय. तिने दूध-लोणी-बदामांचा मारा लावलाय. "खा रे भिंगरी, हाडं दिसतायत!" खातो. जितकं खातो तितकं पांढरं!

९ मार्च
काल लघवीच्या वाटेत पांढरी गाठ अडकली. मोरीत ओरडलो. मावशीने बखोट धरून हॉस्पिटलात नेलं.
डॉक्टरीणबाईंनी नळीत माझा नमुना घेतला, ईथर ओतलं, हलवलं — पांढरं गायब! जादूच.
"ताकदबिकद काही जात नाही. ही जेवणातली चरबी, म्हणून ईथरमध्ये विरघळली. ती नेणाऱ्या बारीक वाहिन्या असतात. त्यातली एखादी फुटून मूत्रपिंडात गळतेय."
"म्हणजे मी घातलेलं लोणी..." — मावशी.
"थेट मोरीत, बाई."
"मेल्या, बोलायला काय तोंडाला कुलूप होतं?"
बहुतेक हत्तीरोगाचे जंतू, डासांतून आलेले. रक्त रात्री घेणार. म्हणे त्यांची पिल्लं रात्रीच भटकायला निघतात. माझीच जात!

१३ मार्च
रक्तात पिल्लं सापडली. गोळ्या सुरू. लोणी, तळण बंद.
बाईंनी विचारलं, कुठेकुठे राहिलास? मी सुटलोच — ट्रक, तंबू, सर्कशीतल्या उंटाची सर्दी... "उंट राहू दे. लहानपणी कुठे?" घरीच, मागे उघडं गटार. तेवढंच लिहून घेतलं! "दोन-चार डासांनी होत नाही हे. वर्षानुवर्षं चावावे लागतात."
मावशीने फोनवर घरी सगळं सांगितलं. थोरला फोनवर आलाच नाही.

२ एप्रिल
उकडलेला भोपळा. पुन्हा भोपळा.

१७ एप्रिल
पथ्याने पांढरं कमी झालं, थांबलं नाही. उद्या दुर्बीण घालून कुठल्या बाजूने गळतंय ते बघणार, तिथे औषध सोडून भोकं बुजवणार. आज मात्र लोणी खायचं, नाहीतर गळती दिसणार नाही! मावशीचा विश्वासच बसेना. आता वाटी घेऊन दारात पहाऱ्याला बसलीय.
दुर्बीण कुठून घालतात ते कळल्यापासून पाय दाराकडेच. ओळखीचा ट्रक पहाटे निघतोय. "पळालास तर खाल्लेलं सगळं असंच गळत राहून काडी होशील," बाई म्हणाल्या. पिशवी भरली. रिकामी केली. परत भरली.

१८ एप्रिल
पहाटे दार वाजलं. ट्रकवाला असेल म्हणून पिशवी घेऊनच उघडलं.
थोरला! एकटा, इतक्या लांब!
आत आला. माझ्याकडे बघेना. "तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंना... मलाही दाखवायचंय."
"कधीपासून?"
"तुझ्या आधीपासून."