माझ्या गाडीतला नवा स्टिरिओ

शुक्रवार, संध्याकाळ

गाडी माझी. तरी कंपनीचा जुना स्टिरिओ काढून टचस्क्रीनवाला बसवताना नवऱ्याने, सुनीलने, मला विचारलं नाही. माझा फोनही त्याला परस्पर जोडून ठेवला. वर म्हणे, सरप्राइज!

आज सासूबाईंना सफाळ्याहून घरी आणत होतो. मी चालवत होते, सुनील शेजारी. ताईचा फोन आला, स्क्रीनवर भलतीकडेच बोट लागलं आणि ताई गाडीभर घुमली, “वेगळं राहायचं सासूला सांगितलंस का गं?”

मी फोन कापला. नवरा म्हणतो कसा, “आवाज किती क्लिअर आहे बघ!” आवाज! वेगळं राहायचं खूळ त्याचंच. आईला सांगायची हिंमत नाही, आणि कौतुक कशाचं, तर आवाजाचं!

बोईसर आलं. सासूबाई म्हणाल्या, “मी काय तुमाला जड झाली हाय?”

“आई, पाम गावातलं घर सुनीलने बघितलंय. त्यालाच विचारा.”

त्याने गाणं लावलं. मी गाडी कडेला घेऊन बंदच केली. “आता बोल.”

शेवटी बोलला, मान खाली घालून. सासूबाई रडल्या नाहीत. “मला वाटलं, हिनंच काडी लावली,” एवढंच त्याला म्हणाल्या.

माझ्याकडे मात्र दोघांनीही बघितलं नाही.