उघड्यावर झोपलेली माझी मुलं

अब्बा,

आज सव्वीस डिसेंबर, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. दुकान जेवणासाठी बंद आहे आणि मी आत्ताच गच्चीवर जाऊन तुमची रजई उलटी करून आलो. सकाळी नऊला उन्हात घातली, तेव्हापासून दर अर्ध्या तासाने उलटतो आहे. दवाने ती वरून पार भिजली होती. आता जवळजवळ कोरडी झाली आहे आणि आतला कापूस फुगायला लागला आहे. हाताने दाबला की बसतो, हात काढला की वर येतो. चौदा वर्षं ही रजई पेटीत घडी होऊन पडली होती. मी संग्रामपूरला गाद्यांच्या दुकानात फोम कापतो आणि खोळी शिवतो, त्यामुळे चौदा वर्षांत कशाचं काय होतं ते मला माहीत आहे. फोमचा भुगा होतो. तुमचा कापूस मात्र काल भरल्यासारखा आहे. हे मला कोणाला तरी सांगायचं होतं, आणि कळेल असं दुसरं कोणी आठवेना.

परवा रात्री आम्ही चौघं उघड्यावर झोपलो. मी, तुमची सून, आणि तुम्ही न पाहिलेली तुमची दोन नातवंडं. मुलगी आठ वर्षांची आहे, मुलगा पाच वर्षांचा. मुलीने शाळेत कोणत्या तरी पुस्तकात तंबूचं चित्र पाहिलं होतं, तेव्हापासून तिने माझं डोकं खाल्लं. "पप्पा, आपन बी तंबूत झोपू ना. एकच रात. मी रडनार नाई." मी दोन वर्षं टाळलं. साप, थंडी, अस्वल, परीक्षा, जे सुचेल ते कारण सांगितलं. खरं कारण तुम्हाला माहीत आहे.

शेवटी हो म्हटलं आणि मग माझ्या स्वभावाप्रमाणे यादी केली. तेवीस वस्तू. दुकानात उरलेल्या ताडपत्रीचा आणि खोळीच्या जाड कापडाचा तंबू मी टेपने मोजून शिवला, शिवण दुहेरी घातली. टॉर्च दोन, सेल चार, तापाचं औषध, हळद, मीठ, काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत. खाली अंथरायला फोमचे चार तुकडे, प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे कापलेले. तुमची सून ती यादी वाचून म्हणाली, "यात माह्यं नाव कुठी दिसत नाई. मी येऊ का राहू?" मग मी पाठ फिरवल्यावर पेटी उघडून तिने तुमची रजई काढली आणि चादरीत गुंडाळून मोटारसायकलला बांधली. यादीत ती नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "पोट्टे गारठले तर तुमची यादी पांघरवू का?"

वरवट बकाल मागे टाकून आम्ही डोंगराच्या दिशेने गेलो. सातपुड्याच्या पायथ्याशी नाल्याकाठी एक शेत आहे, कपाशी आणि तुरीचं. तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची परवानगी मी आठ दिवस आधी फोनवर घेतली होती. दुकानातल्या गिऱ्हाइकाने नंबर दिला होता. फोनवर त्यांना नीट कळलं नसावं, कारण आम्ही बांधावर गाडी लावून सामान उतरवायला लागलो तेव्हा ते काठी टेकत आले आणि आधी मुलांकडे, मग तुमच्या सुनेकडे, मग माझ्याकडे बघत म्हणाले, "काऊन बे, घरातून काढून देलं का कोनं?"

मी म्हटलं, "नाही काका, मुलांना हौस होती. कॅम्पिंग म्हणतात याला."

"घरी भुई नाई का तुया?"

मुलं हसायला लागली. मी तंबूचा खांब ठोकत होतो. काका शेजारी बसून बघत राहिले आणि मी दोरीला गाठ मारली तेव्हा एकदम पुढे वाकले. "ही गाठ कुठी पाह्यली रे मी? थांब. तू त्या पिंजाऱ्याचा पोरगा तं नाई? सायकलवर पिंजण घेऊन येत होता तो? दिवाई झाली की या निंबाखाली आठ-आठ दिस राहे. मले म्हने, पाटील, घरात झोप येत नाई मले, चांदन्या मोजाची सवय झाली."

अब्बा, माझ्या हातातली दोरी सुटली. मुलांना मी सांगितलं होतं की त्यांच्या दादाचं, म्हणजे तुमचं, गाद्यांचं दुकान होतं. सासुरवाडीलाही तेच सांगितलं आहे. मुलगी काकांकडे बघत होती, मग माझ्याकडे बघायला लागली. मी काकांना म्हटलं, "ते दुसरे कोणी असतील." काका काठी टेकत उठले. जाताना म्हणाले, "असन बाप्पा. मले आता दिसतेच किती."

ते निंबाचं झाड आमच्यापासून पन्नास पावलांवर होतं. या शेताजवळ तुम्ही उतरायचात हे मला खरंच माहीत नव्हतं, कारण तुमच्या शेवटच्या दोन वर्षांत मी तुमच्याबरोबर नव्हतो. त्याआधी होतो. नऊ वर्षांचा असल्यापासून चार हिवाळे मी तुमच्या सायकलच्या मागे बसून हिंडलो. पुढे कापूस पिंजायचं ते पिंजण, माणसाएवढं लाकडी धनुष्य, त्याची ताणलेली तात, मागे मी आणि दोन पोती. गावात शिरताना तुम्ही तातीवर एकदाच ठोकायचात आणि बाया आत कापसाचे गोळे झालेल्या जुन्या गाद्या घेऊन बाहेर यायच्या. रात्री तुम्ही पिंजण झाडाच्या फांदीला टांगायचात आणि मी खाली पडून वर बघतो आहे. वारा येतो. तात आपोआप घुमायला लागते, कोणी हात न लावता, इतकी हळू की आधी वाटतं आपल्याच कानात आहे. मी तुमच्या कुशीत सरकतो. तुम्ही म्हणता, "काई नाई रे. थे झोपीत बोलून राह्यलं." पहाटे तुम्ही मला उठवता आणि उत्तरेकडे बोट दाखवता. चार चांदण्यांची खाट, मागे तीन. "ह्या खाटंवरची गादी म्याच भरली," तुम्ही म्हणता, आणि मी ते दहा वर्षांचा होईपर्यंत खरं मानलं.

मग ते नवीन बियाणं आलं. पिशवीतलं, महाग. त्याआधी प्रत्येक घरी दोन-चार शेर कापूस घरच्या गाद्यांसाठी बाजूला ठेवलेला असायचा. धामणगाव बढ्याला एक बाई दारात उभी राहून म्हणाली होती, "भाऊ, औंदा घरी ठेवलाच नाई. समदा गाडीत भरला. बियाची पिशी, वरून फवारे, पैसे कुठून आनाचे?" तुम्ही तिच्या अंगणात सांडलेला नवा कापूस चिमटीत घेऊन ओढून पाहिलात. "धागा लांब हाय. सुताले चांगला. गादीत पन गोळे होतीन याचे." तुम्हाला हवा होता तो आखूड धाग्याचा जुना देशी कापूस. तो डोंगराकडच्या गावांत जुन्या गाद्यांमध्ये राहिला होता, म्हणून तुम्ही अजून लांब जायला लागलात आणि दोन रात्रींच्या आठ रात्री झाल्या.

त्याच दिवसांत माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला बघितलं. तो मावशीच्या गावी आला होता आणि मी सकाळी ग्रामपंचायतीसमोरच्या झाडाखाली पोत्यात गुंडाळलेला होतो. शाळेत वर्षभर पुरेल एवढं हसणं झालं. पुढच्या दिवाळीनंतर तुम्ही सायकल बाहेर काढलीत, उंबऱ्यात बसून तातीला मेण लावत होतात आणि मी म्हणालो, "मी येणार नाही. आपण काय भिकारी आहोत का, उघड्यावर झोपायला?" तेरा वर्षांचा होतो. तुम्ही वर बघितलं नाहीत. मेण पूर्ण लावलंत, तात एकदा वाजवून पाहिलीत आणि एकटे गेलात. त्याच्या पुढच्याही वर्षी. त्या खेपेला तुम्ही ताप घेऊन एका अनोळखी गावात झोपलात आणि परत आली ती सायकल, पिंजण आणि ही रजई. आणून देणारा माणूस म्हणाला, पोरासाठी भरत होते, गावागावातून मूठ मूठ देशी कापूस जमवून. तिच्या एका कडेचे टाके राहिले होते. ते अम्मीने घातले. मी नववीत शाळा सोडली. रजई एकदाही पांघरली नाही.

आता परवाची रात्र. साडेआठलाच थंडी खाली उतरली. मुलं तंबूच्या तोंडाशी बसून चांदण्या मोजत होती. मुलगा वीसच्या पुढे चुकायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचा. "पप्पा, ह्या आपल्या गावाले काऊन नाई?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "आहेत, दिव्यांमुळे दिसत नाहीत." त्याने पुन्हा वर बघितलं. मग बहिणीला म्हणाला, "आपल्या घरावर बी हायत ना बे. रोज." त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. मी इतकी वर्षं ज्याला दारिद्र्य समजत आलो, त्याच्याखाली बसून माझा मुलगा श्वास घ्यायला विसरला होता.

झोपायची वेळ झाली आणि माझी तेवीस वस्तूंची यादी उघडी पडली. फोमने जमिनीचा ओलावा ओढून घेतला. उंचीप्रमाणे कापलेले तुकडे खालून बर्फासारखे गार. रोज गिऱ्हाइकाला "याच्याएवढी ऊब कशात नाही" असं सांगणारा मी, आणि माझीच मुलगी कुडकुडत होती. मग माझे हात आपोआप चालले. फोम बाहेर फेकला. काकांना विचारून त्यांच्या गोठ्यातून कडब्याच्या दोन पेंढ्या आणल्या, आडव्या पसरल्या, कमरेखाली जरा खोलगट केलं, डोकं वाऱ्याच्या उलट बाजूला. वर पोतं, त्यावर मुलं, त्यांच्यावर तुमची रजई. दहा मिनिटांत दोघं घोरत होती. तुमची सून माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "हे मोबाइलात पाह्यलं का तुमी?" तिला उत्तर नको होतं, हे तिच्या आवाजावरून कळलं.

पहाटे मुलीने मला हलवलं. "पप्पा, ऐका." तंबूची दोरी मी खांबापासून बाभळीपर्यंत ताणून बांधली होती. डोंगराकडून वारा सुटला होता आणि ती नायलॉनची दोरी घुमत होती. तोच आवाज, अब्बा. आपल्याच कानात असल्यासारखा. मी रजईसकट दोघांना बाहेर आणलं. उत्तरेला खाट वर आली होती, चार चांदण्या आणि मागे तीन. मग हळूहळू उजाडलं आणि धुक्यातून कपाशी दिसायला लागली, फुटलेली, प्रत्येक बोंडावर दव, नाल्यापर्यंत पांढरं. मुलांनी इतका कापूस फक्त ट्रकवर बघितला होता. आणि त्या पांढऱ्यातून रोही निघाले, नीलगाईंचा कळप, पाच मोठे आणि एक पिल्लू, आमच्यापासून वीस पावलांवर. नाकातून वाफ निघत होती. थांबले, आमच्याकडे बघितलं. आम्ही चौघं एका रजईत होतो, कोणी हललं नाही. मुलाने माझं बोट धरलं होतं, ते दुखेपर्यंत. मग कुठून तरी काका ओरडले, "हाऽऽऽ! खाल्लं रे माह्यं वावर!" आणि ते सगळे एका उडीत बांधापलीकडे.

दोरी अजून वाजत होती. मुलीने विचारलं, "हे काऊन वाजते?" आणि मी सांगायला लागलो. पिंजण काय असतं ते. दादाचं दुकान नव्हतं, सायकल होती. त्या समोरच्या निंबाखाली दादा आठ-आठ दिवस झोपायचे. ती खाट दाखवली आणि तिच्यावरची गादी कोणी भरली तेही सांगितलं. मुलगा रजईची कड नाकाला लावून वास घेत म्हणाला, "दादा रोज तंबूत राहे? रोज?" त्याच्या आवाजात एवढा हेवा होता की मला हसू आलं. चहा द्यायला काका आले तेव्हा मी त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, "गाठ पाह्यली तवाच समजलं होतं मले. आवाज तं थेट बापाचा हाय."

घरी येताना मुलगी माझ्या पाठीला चिकटून बसली होती. अर्ध्या रस्त्यात कानाशी येऊन म्हणाली, "मंग तुमी दादासंगं जानं काऊन सोडलं?"

मी म्हटलं, "शाळा होती."

ते भिकाऱ्याचं वाक्य तिला सांगितलं नाही, अब्बा. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं. आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायचो, आणि तुम्ही मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकायचात. हे पत्र कुठे पाठवायचं असतं, तरी तुमच्यासमोर बसून मलाच वाचावं लागलं असतं. मी सगळं वाचलं असतं, चांदण्या, रोही, रजई, सगळं. उंबऱ्यातल्या त्या ओळीशी आलो असतो, तर ती मी गाळून पुढे गेलो असतो.