आठही बीजं चांगली होती

शिरगाव,
३ फेब्रुवारी २०२५

ती. रूपलताईस,
स्वातीचा सा. न. वि. वि.

तुझे फोन मुद्दाम उचलत नाही. तुझा आवाज ऐकला की मी विरघळते, आणि या वेळी मला विरघळायचं नाही.

परवा बोईसरला तुमच्या वंध्यत्व उपचार केंद्रात आले, तेव्हा तू रजेवर होतीस. नव्या डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वीची फाइल वाचून दाखवली. माझी आठही बीजं चांगली होती. धीरजचे शुक्राणू बशीत त्यांच्याभोवती नुसते फिरत राहिले, एकही चिकटला नाही. खाली प्रयोगशाळेतर्फे सही तुझी. आणि मला काय सांगितलंस? तुझ्या बीजाचं कवच कडक आहे!

माझ्या जावेच्या, जागृतीच्या डोहाळजेवणात सासूबाईंनी ओटीचं ताट माझ्या हातातून काढून घेतलं. हिचं बीजच खराब हाय, हिनं ओटी भरायची नाय, असं चारचौघींत म्हणाल्या. तू माझ्या शेजारी उभी होतीस. सख्खी बहीण असून केसाने गळा कापलास.

लोभ ठेव, असं आज लिहवत नाही.
स्वाती

बोईसर,
६ फेब्रुवारी

चि. स्वातीस,
अनेक आशीर्वाद.

तू लिहिलंस ते सगळं खरं. निकाल आला तेव्हा धीरजराव प्रयोगशाळेच्या दारात रडले. ताई, घरात कळलं तर तोंड दाखवायला जागा नाय, म्हणाले. मला वाटलं, तू सोसशील, त्यांना सोसणार नाही. चुकले.

खरं तर दोष कुणाचाच नाही गं. शुक्राणूच्या डोक्यावर बीजाला धरणारा पदार्थ असतो, तो त्यांच्यात नाही. म्हणून या खेपेस मी सुईने एकेक शुक्राणू थेट बीजात सोडला. दोन गर्भ छान वाढलेत, गोठवून ठेवलेत. माझ्यावरच्या रागापायी गर्भ पोटात ठेवायची सतरा तारीख चुकवू नकोस.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.
तुझी ताई

शिरगाव,
११ फेब्रुवारी

रूपलताईस नमस्कार.

काल धीरजला सासूबाईंसमोर बसवलं. शेवटी खरं काय ते मीच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या बहिणीनंच सांगितलं ना, तुझं बीज कडक हाय म्हणून? सख्खी बहीण कशाला खोटं बोलंल?

सतराला मी येणार आहे. मूल मला हवंच आहे. गर्भ तुझ्या हातून घडला, त्याला इलाज नाही. पण त्या दिवशी तू रजा टाक. तो माझ्या पोटात ठेवताना तुझा हात लागायला नको.

स्वाती