जांभळ्या शाईचं कुलूप

शहाणे,

"कोत्या मनाचा आहेस तू, स्वतःपलीकडे काही दिसतच नाही तुला," असं चारचौघांत सुनावून तू त्या गिटारवाल्याबरोबर गेलीस. त्याच दिवशी मी कॉलेज सोडलं.

आता बघ. उद्याच्या प्रदर्शनासाठी मी तुझं चित्र काढलं. डोक्याच्या जागी बंद खोली आणि दाराला भलंमोठं कुलूप. कळू दे जगाला, मन कुणाचं बंद आहे ते! दार आणि कुलूप मुद्दाम तू विसरलेल्या जांभळ्या शाईने काढलं. ती पाण्यात टिकत नाही, हे रागाच्या भरात सुचलंच नाही. वरून निळ्या जलरंगाचा हात फिरवला आणि कुलूप दारासकट विरघळलं. उरलं नुसतं आभाळ आणि एक जांभळा डाग.

ताई म्हणाली, "अय्या, किती सुंदर! माफ केलंस वाटतं तिला?"

"माझं खेटर करतंय माफ!"

पण चित्र तसंच लावणार. लोक म्हणतील, केवढ्या मोकळ्या मनाचा पोरगा! सगळ्यांदेखत खोटी पडशील. तिथे कुलूप होतं, हे त्या जांभळ्या डागावरून फक्त तूच ओळखशील. म्हणून जळफळायला का होईना, ये. त्या गिटारवाल्याला घरी ठेवून ये.

हे पत्र मात्र पाठवणार नाही. उगाच तुला वाटायचं, मी बोलावतोय.

तुझा अजिबात नसलेला,
कोत्या मनाचा