बारकीचे बारा

सोमवार, ४ मे

ऑपरेशनची तारीख आली. पंधरा, शुक्रवार. केस कापायला जायचंय अशा सुरात ताईने फोनवर सांगितली.

"झडप बदलायची गं, अख्खं हृदय नाही. तू रोज लोकांच्या कवळ्या बसवतेस ना? तसंच. फिटिंग जमलं की झालं."

कवळीचं फिटिंग जमलं नाही तर माणूस ती काढून ग्लासात ठेवतो! पण हे बोलले नाही. हसले, फोन ठेवला, आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

व्हिसा बावीस तारखेच्या आत मिळत नाही. दोनदा जाऊन आले. खिडकीतला माणूस भला होता, स्वतः उठून साहेबांना विचारून आला. पण नियम म्हणजे नियम. ताई तिकडे एकटी, मी इकडे.

आणि पंधराच्या दुसऱ्याच दिवशी गाण्यांच्या स्पर्धेची अंतिम फेरी. आमचं घड्याळ पुढे, म्हणजे आमच्याकडे रविवार सकाळ. यंदा बघूच नये असं वाटतंय.

मंगळवार, ५ मे

सकाळपासून मेणात दात रोवत होते. वरची कवळी, चौदा दात. पॉलिशवाली मशीन बंद करून माझ्या टेबलाशी आली. "काय मग, यंदा कुणाचे बारा वाजवणार?"

लॅबमधला जुना विनोद आहे हा. स्पर्धेत प्रत्येक देश आपल्या सगळ्यात आवडत्या गाण्याला बारा मार्क देतो, त्याखालच्यांना कमी कमी, अगदी एकपर्यंत. आमच्या देशाला मत नाही, नुसतं बघायचं. म्हणून मी माझे बारा वहीत देते. आणि मी ज्याला बारा दिले त्याचे बारा वाजलेच! बावीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. शेवटून पहिलं, नाहीतर शेवटून दुसरं. एकाही वर्षी बिचारं वर आलं नाही. पॉलिशवाली मला तोंडावर पनवती म्हणते.

हे पण कमी नाहीत. "तुला मी आवडलो, तेव्हाच मला समजायला हवं होतं." बस चालवतात. त्यांच्या मार्गावर रोज एक तरी रस्ता खोदलेला असतो, हा म्हणे पुरावा!

एरवी मीच सगळ्यात जास्त हसते. आज हसू आलं नाही. या जगात मला सगळ्यात जास्त कोण आवडतं, असा विचार मनात आला — आणि हातातला सुळा उलटा बसला.

गुरुवार, ७ मे

जुनी वही काढून बसले. बावीस पानं, बावीस गाणी. वाचून बरं वाटलं, म्हणून इथे थोडं लिहिते.

पहिलं पान चमचेवालीचं. ताईला तिकडे जाऊन महिना झाला होता. मी सात वर्षांची असताना आई गेली, तेव्हा ताई सतराची. बाबा फिरतीवर. तिनेच माझ्या वेण्या घातल्या, प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ठोकली, वेळ आली तेव्हा माझं लग्न लावून दिलं, आणि मग हॉस्पिटलच्या लाँड्रीत नोकरी धरून तिकडे निघून गेली. मला घर खायला उठलं होतं. टीव्ही लावला तर ही स्पर्धा. तपकिरी झग्यातली एक जाडजूड बाई गुडघ्यावर दोन चमचे आपटत गात होती. शब्द एक कळेल तर शपथ! पण वाटलं, ही माझ्याच स्वयंपाकघरात बसलीय. तिला शून्य मार्क. जगातल्या एकाही देशाने एकसुद्धा दिला नाही. ताईला फोन करून हमसून हमसून रडले. रडत होते ताईसाठी, नाव लावलं चमचेवालीचं. ताई म्हणाली, "अगं वेडे, कोण कुठली बाई ती!"

पुढच्या वर्षी पिवळा रेनकोट. दोन भाऊ, एकच रेनकोट, वर दोन डोकी. आमची जुनी लॅब बंद पडली होती आणि मी हेच गाणं गुणगुणत नोकरीच्या मुलाखतींना जात होते. गाणं शेवटून दुसरं आलं, पण दोन मार्क मिळाले! कुठून? ताईच्या देशातून! पानाखाली मी लिहिलंय — तिकडच्या अनोळखी लोकांनो, थँक्यू.

तेव्हापासून दरवर्षी लिहिते, कारण दरवर्षी तिथूनच येतात. एक, दोन, कधी तीन. बाकी जग ढिम्म. एवढासा देश, आमच्या एका उपनगरात मावेल. पण पारख आहे हो त्यांना! ताईला सांगितलं की म्हणते, "इथले लोक जरा चक्रमच आहेत."

आणि शिट्टीवाले आजोबा. बाबा गेले ते वर्ष. सत्तरीचा म्हातारा, अख्खं गाणं शिट्टीवर. मी पहिल्या सुरातच ओळखलं — वरची कवळी सैल! प्रत्येक सुराबरोबर थोडी हवा निसटत होती, आणि त्यानेच काळीज हलत होतं. कुणी नीट कवळी करून दिली असती तर गाण्याचं वाटोळं झालं असतं. माझ्या धंद्यात मी एवढ्या एकाच सैल कवळीची ऋणी आहे. तीन मार्क. तिथूनच.

एकच वर्ष तिकडूनही भोपळा. पण तेव्हा ताई सुट्टी घेऊन इथे आली होती, माझ्या शेजारी सोफ्यावर विणत बसली होती. मला कसलं दुःख! उलट तीच चुकचुकली. "यंदा नाही का गं मिळाले?"

शनिवार, ९ मे

ताईचा ठरलेला प्रश्न आला. "यंदा कुठलं? नंबर काय?"

दरवर्षी विचारते. वास्तविक तिला स्पर्धेचा कंटाळा. "नंबर सांगून ठेव, तेवढा वेळ टीव्हीचा आवाज बंद करीन," म्हणते.

मी म्हटलं, यंदा काही आवडलं नाही. खोटं! नऊ नंबर आवडलंय. फार आवडलंय. बारीक चणीची एक बाई, डोळे मिटून गाते. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, आणि तिने तो सरळ करून घेतलेला नाही, म्हणून तर आधीच माझे बारा. एकच ओळ ती पुन्हापुन्हा म्हणते, दर वेळी एक शब्द कमी. शेवटी एकच शब्द उरतो. तिच्या भाषेत काय असेल ते असो, मला "ये गं" असंच ऐकू येतं.

ताईने खोटं पकडलं. चाळीस वर्षं पकडतेय. मग मी सांगूनच टाकलं, की ताई, माझ्या आवडीचं काय होतं माहितीये ना तुला, मला यंदा काही आवडायलाच नकोय.

ताईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बारके, तू सात वर्षांची असल्यापासून मी तुझी आवडती आहे. अजून जिवंत आहे. नंबर सांग."

आता मी कसली बारकी! बस थांबली की आधी माझं पोट उतरतं. पण सांगितला. नऊ.

रविवार, १० मे

विचार करून ठरवलं. पनवती कुठेतरी जाणारच असेल, तर ती नऊ नंबरवर जाऊ दे. पार शेवटी येऊ दे गाणं. शून्य मिळू दे. ताईला धक्का नको.

वहीत भले मोठे बारा लिहिले. माफ कर गं बाई.

बुधवार, १३ मे

ताई भरती झाली. ज्या हॉस्पिटलची लाँड्री, तिथेच. फोनवर ऐट काय! "माझ्या खाटेवरची चादर मी आधीच निवडून ठेवलीय. नव्या गठ्ठ्यातली. इस्त्रीसुद्धा मीच मारली."

म्हटलं, भीती वाटते का? म्हणाली, "वाटते ना. न वाटायला मी काय दगड आहे?" मग दोघींनी बराच वेळ फोन चालू ठेवला.

शुक्रवार, १५ मे

पॉलिशवालीने आज माझ्या वाट्याच्या तीन कवळ्या गुपचूप उचलून नेल्या. ती पनवती म्हणते ते सगळं माफ. लॅबच्या मालकीणबाईंनी फोन टेबलावर ठेवायची परवानगी दिली. यांनी डबा स्वतः भरून दिला होता. भात गिचका झाला होता, पण सगळा खाल्ला.

संध्याकाळी ताईच्या लाँड्रीतल्या मुकादमीणबाईंचा मेसेज. झडप बसली. शुद्धीवर यायला वेळ लागेल.

किती वेळ, ते लिहिलं नाही.

शनिवार, १६ मे

अजून डोळे उघडले नाहीत. डॉक्टर म्हणतात, वाट बघू. हे म्हणाले, "झोपू दे गं. सतराव्या वर्षापासून झोपलीय कुठे ती?"

मी आवराआवर करते, आवरलेलं पुन्हा आवरते.

रविवार, १७ मे

बघणार नव्हते. पण नऊ नंबर शेवटी आलं हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. टीव्ही लावला. हे आज सुट्टी घेऊन शेजारी बसले.

मार्क सुरू झाले. एक देश, दुसरा, दहावा — नऊ नंबरला काही नाही. बिचारी कोपऱ्यात डोळे मिटून बसली होती, आणि मी इकडे देवाचे आभार मानत होते. एवढी दुष्ट मी आयुष्यात कधी झाले नव्हते. तिसावा देश. शून्य.

मग ताईचा देश आला. निवेदिका हसत हसत म्हणाली, आमच्या जनतेचे बारा मार्क —

नऊ नंबर!

त्या गाणाऱ्या बाईने डोळे उघडले. दोन्ही हात तोंडावर गेले. सभागृहात सगळे वळून बघायला लागले. आणि मी "नको!" म्हणून किंचाळले. टीव्ही बंद केला.

"अगं, आनंदाची गोष्ट आहे ना?" हे म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. "खुळी आहेस का?" एवढंच म्हणाले, आणि माझा हात धरून बसून राहिले. फार उपकार आहेत या माणसाचे.

पण पनवती आता कुठे गेली? गाण्यावर तर नाही बसली. बावीस वर्षांत पहिल्यांदा नाही बसली.

तिकडून फोन नाही. दुपारपासून मी लावतेय, मुकादमीणबाई उचलत नाहीत.

सोमवार, १८ मे

सकाळी फोन आला. ताईने डोळे उघडले! नळी काढल्यावर पहिला शब्द — "किती?" डॉक्टरांना वाटलं, टाके विचारतेय. त्यांनी सांगितले. तिने नाही म्हणून मान हलवली. मुकादमीणबाई काचेपलीकडून पुढे झाल्या. म्हणाल्या, "बारा." तेव्हा हसली म्हणे.

मला उमगेना. तर बाई म्हणाल्या, "अहो, तिचा कागद लागतो ना दरवर्षी, इस्त्रीच्या मशीनशेजारी. बहिणीच्या गाण्याचा नंबर. एका फोनवरून वीस मतं चालतात, लाँड्रीतल्या प्रत्येकीने वीस द्यायची. तुमच्याकडे आली होती तेव्हा तेवढं राहिलं. यंदा ती आत पडलेली, म्हणून तिन्ही पाळ्यांनी दिली. स्वयंपाकघराने दिली, वॉर्डातल्या नर्सनी दिली, सगळ्यांच्या घरच्यांनी दिली."



गाणं तसं शेवटून दुसरंच आलं. आत्ता ताईचा मेसेज आला, एका बोटाने टाइप केलेला. "बारकीला बारा."

जुनी वही काढलीय. थँक्यू लिहिलेली वीस पानं आहेत. प्रत्येक पानावरचं "अनोळखी" खोडत बसलेय.