एकदाच विचारलंत

सर, परवा तुमच्या घरी जाऊन आले. तुम्ही गेल्यापासून माझं तिथे जाणं वर्षातून एकदा, संक्रांतीला तिळगूळ द्यायला, तेही दारातल्या दारात. या वेळी मात्र कॉलेजचं काम होतं. विद्यार्थी मंडळात निःस्वार्थपणे काम करणाऱ्यांसाठी तुमच्या नावाने एक पारितोषिक सुरू होतंय. पहिलं काकूंच्या हस्ते द्यावं असं प्राचार्यांच्या मनात आलं आणि निमंत्रण घेऊन त्यांनी मला पाठवलं. तुमची लाडकी विद्यार्थिनी म्हणून सगळं कॉलेज मला ओळखतं, आणि खोटं कशाला बोलू, ही ओळख मीही वर्षानुवर्षं मिरवली आहे. आज पहिल्यांदाच तिचा राग येतोय. तुमचाही येतोय. तुम्ही समोर असतात तर कदाचित तोंडातून शब्द फुटला नसता, म्हणून हे लिहिते आहे.

तुमच्या घरी मी पहिल्यांदा आले तो दिवस तुम्हाला आठवत असायचं कारण नाही. मी दुसऱ्या वर्षाला होते. आमचं गाव खडकवासल्याच्या अलीकडे. आता तिथे महापालिकेची घंटागाडी येते आणि लोक पत्त्यात पुणे लिहितात, पण तेव्हा सकाळची एक बस चुकली की दिवस गेला. वक्तृत्व स्पर्धेचे कागद द्यायला मी रविवारी तुमच्याकडे पोचले, पहाटेपासून पोटात चहाशिवाय काही नाही. काकूंनी गरम थालीपीठ आणलं, वर लोण्याचा गोळा. मी म्हटलं, "नको काकू, खाऊन आलेय." आमच्याकडे पहिल्या 'नको'ला काही अर्थ नसतो. पाहुण्याने नको म्हणायचं, घरच्यांनी वाढायचं, पुन्हा नको म्हणायचं, मग जेवायचं. पहिल्या नकारावर ताट उचललं तर त्या घराची गावात चर्चा होते. तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, "नको म्हणतेय ना ती? मग कशाला आग्रह करतेस." आणि काकू बशी घेऊन आत गेल्या. लोणी वितळत होतं ते मी जाताना पाहिलं. घरी जाऊन मी ही गंमत सांगितली, पुण्यात एकदाच विचारतात म्हणून, तेव्हा आई आणि धाकटी हसून हसून लोळल्या होत्या.

धाकटी म्हणजे माझी बहीण. ती दहावी झाली त्या वर्षी वडील म्हणाले, "मुलीच्या जातीला बास झालं." मी म्हटलं, तिचं मी बघते. मला तेव्हा बुधवार पेठेत जुन्या पाठ्यपुस्तकांच्या दुकानात काम मिळालं होतं, तास संपले की दुपारी जायचं, पुस्तकं लावायची, फाटलेली चिकटवायची. तो पगार सगळा धाकटीचा. तिचा बसचा पास, तिची अकरावीची फी, तिच्या वह्या. ती अकाउंट्समध्ये हुशार होती. बसमध्ये माझ्या शेजारी बसून पाय हलवत पाढ्यासारखे नियम म्हणायची.

मग तुम्ही मला निवडणुकीला उभं केलंत. "तुझ्यासारख्या मुलीने नाही करायचं तर कोणी?" असं म्हणालात आणि मी विरघळले. निवडून आले, विद्यार्थी मंडळाची सेक्रेटरी, म्हणजे जी.एस. झाले. गॅदरिंग, खेळांचे सामने, रक्तदान शिबिर, मुलींच्या खोलीत पाणी नाही म्हणून ऑफिसात खेटे. दुपारी दोनला दुकानात असायला हवं ती मी पाचपर्यंत तुमच्या केबिनबाहेर कागद लिहीत बसलेली असे. दुकानाचे मालक आठवडाभर काही बोलले नाहीत. मग एक दिवस चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाईसाहेब, पुढारी झालात, अभिनंदन. पण कॉलेज तुमच्यावाचून चालणार नाही असं दिसतंय, आमचं दुकान चालेल." त्या दिवसापर्यंतचा पगार हातावर ठेवला आणि वर एक चहा पाजला. माणूस तिरकस होता, पण सरळ होता.

माझी नोकरी गेल्याचं तुम्हाला मी सांगितलं होतं. तुम्ही "अरेरे" म्हणालात. गणिताच्या सरांनी ते कुठूनतरी ऐकलं आणि प्राचार्यांकडे विषय काढला, की जी.एस.चं काम म्हणजे अर्ध्या कारकुनाचं काम आहे, तर त्या मुलाला किंवा मुलीला फी माफ करावी आणि दरमहा थोडं मानधन द्यावं. प्राचार्य तयार होते. विरोध एकट्या तुमचा होता. तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावलंत, खुर्ची दिलीत, आणि म्हणालात, "तुझी गरज मला माहीत आहे. म्हणूनच तुझ्या तोंडून नकार आला तर त्याला वजन येईल. पैसे घेतलेस की तुझा शब्द तुझा राहत नाही. कळतंय ना? बघ, तुला हवं असेल तर मी आड येणार नाही. हवंय?"

मी म्हटलं, "नको सर."

"शाब्बास," तुम्ही म्हणालात, आणि घड्याळाकडे पाहिलंत, कारण तुमचा तास होता.

गॅदरिंगच्या बक्षीस समारंभात, भरल्या सभागृहात, तुम्ही मला माइकवर उभं केलंत. मी उभी आहे, तिसऱ्या रांगेत धाकटी माझाच पंजाबी ड्रेस घालून बसली आहे. मी म्हणते, "मला काही नको. काम करायला मिळालं हेच पुष्कळ." टाळ्या थांबत नाहीत. तुम्ही स्वतः शाल आणून माझ्या खांद्यावर घालता, तुमचे डोळे भरून आलेले असतात, आणि मला वाटतं, आयुष्यात यापेक्षा मोठं काही व्हायचं नाही. कार्यक्रम संपला तसे शिपाईमामा खाली मान घालून आले. कॉलेजकडे शाली दोनच होत्या आणि दुसऱ्या दिवशी बाहेरचे पाहुणे यायचे होते. मी शाल घडी करून दिली. बसमध्ये धाकटी विचारत राहिली, "ताई, शाल कुठं हाय? आईला दावायची हाय ना." मी सांगितलं, लॉकरमध्ये राहिली. नंतर कितीतरी दिवस ती आठवण करायची, आणायची म्हणून.

जूनमध्ये तिचा पास काढला गेला नाही. तिनेच सांगितलं, "मला नाय जमत ते इंग्रजीतलं. मी घरीच बरी हाय." जिला नियम पाठ होते तिने असं म्हणावं आणि मी ते खरं मानावं! मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. अठरा पूर्ण झाली आणि लग्न झालं. आज ती विश्रांतवाडीला असते, कंपन्यांत काम करणाऱ्या मुलांचे डबे करते, डब्यांचा हिशोब तोंडी ठेवते आणि एक डबा चुकत नाही. मला कधी एका शब्दाने बोलली नाही. सभागृहात तुम्ही माझ्या त्यागाबद्दल बोललात, सर. त्याग तिने केला होता. तिला कोणी माइक दिला नाही आणि हवंय का असंही विचारलं नाही.

तरीही मी तुमच्यावर नाराज नव्हते, हे खरं सांगते. मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले, पुढे विद्यार्थी मंडळाचं काम माझ्याकडे आलं आणि दर वर्षी नव्या मुलांना मी तुमचं वाक्य ऐकवत आले. पैसे घेतलेत की तुमचा शब्द तुमचा राहत नाही. मला ते पटत होतं, अजूनही अर्धं पटतं. मानधन ठेवलं तर नुसत्या पैशासाठी उभी राहणारी मुलं येतील. ऑफिसने पैसे दिले की ऑफिसविरुद्ध अर्ज लिहिताना हात अडखळेल. पण आमच्या जिन्यापाशी जी.एस.च्या नावांचा फळा आहे ना, तो मी या आठवड्यात पहिल्यांदा वाचावा तसा वाचला. माझ्या नावाखाली जी नावं आहेत त्यातली बहुतेक मला चेहऱ्यानिशी आठवतात. चांगली मुलं होती. पण दुपारी कामाला जाऊन शिकणारं त्यात एकही नाही. सेवा फुकट ठेवली तर ती परवडणाऱ्यांच्याच वाट्याला जाते, एवढं कळायला मला फळ्याखाली उभं राहावं लागलं.

फळा वाचायला लावला तो यंदाच्या जी.एस.ने. ती शनिवार-रविवार एका मॉलमधल्या कॉफीच्या दुकानात काम करते. अर्ज घेऊन आली. "मॅम, फेस्टमुळे माझ्या चार शिफ्ट गेल्या. मॅनेजर आता रिप्लेस करणार म्हणतोय. आम्हाला सॅलरी नकोय, पण काहीतरी स्टायपेंड?" मी तुमचं वाक्य काढलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण मॅम, तुम्हाला तर पगार मिळतो ना? मग तुमचा शब्द?" आवाज न चढवता. पुण्याचीच मुलगी. मग तिने विचारलं, "तुम्हाला तेव्हा ऑफर केलं होतं का? तुम्ही घेतलं असतंत?" मी म्हटलं, "केलं होतं. मी नको म्हटलं." ती "ओके मॅम" म्हणाली आणि गेली. मी अभिप्रायात प्रतिकूल लिहून कागद प्राचार्यांकडे पाठवून दिला.

हे सोमवारचं, आणि परवा काकूंकडे. त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या, मीही समोर बसले. पारितोषिकाचं सांगितलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. म्हणाल्या, "त्यांना आवडलं असतं गं. ते स्वतः जी.एस. होते ना, त्यांच्या तालुक्याच्या कॉलेजात. म्हणून तर शिक्षण झालं त्यांचं. जी.एस.ला होस्टेल माफ, मेस माफ, वर हातखर्चाला द्यायचे काहीतरी. नाहीतर घरून काय येणार होतं, कपाळ!"

मी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "सर कधी बोलले नाहीत."

"बोलतील कसे? मेसमध्ये पोरं फुकट्या म्हणायची. लाज वाटायची त्यांना. मलासुद्धा लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं, ते पण मी एकदा पानात टाकलं म्हणून चिडले तेव्हा."

मला त्या वेळी काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. फसवलंत असं वाटलं. तुम्ही ते ताट जेवून सर झालात आणि तेच ताट माझ्यापुढून उचललंत. घरी येताना रिक्षात मी तुमची बाजूही घेऊन पाहिली, जुनी सवय. कदाचित जे तुम्हाला ऐकावं लागलं ते मला ऐकायला लागू नये असं तुम्हाला वाटलं असेल. असेलही. मग तेवढं तरी सांगायचं होतं. "मी घेतलं होतं, मला असं असं सोसावं लागलं, आता तू ठरव" असं म्हणाला असतात तर मी ठरवलं असतं. फुकट्या म्हणवून घेतलं असतं, धाकटीचा पास काढला असता. तुम्ही मला तुमची लाज दिलीत आणि तिला तत्त्व म्हणालात.

निघताना काकूंनी कपाट उघडलं. तुमच्या सत्कारांच्या शाली, खालपासून वरपर्यंत, डांबराच्या गोळ्यांसकट. "एक ने गं, कोण वापरतंय इथे." मी म्हटलं, "नको काकू." तोंडात बसलेला शब्द आहे तो. काकूंनी शाल माझ्या पिशवीत कोंबली. "नको काय नको! घे म्हणते ना!" वयाने त्यांचं पुणेरीपण गेलं असावं. ती शाल अजून पिशवीतच आहे. विश्रांतवाडीला जायला हवं, पण जाऊन काय सांगू, लॉकरमध्ये सापडली म्हणून?

अभिप्राय उद्या मागे घेणार आहे. नवा लिहीन, अनुकूल, आणि त्या मुलीला बोलावून एक गोष्ट दुरुस्त करून सांगेन. ती तुम्हाला आधी सांगते. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून तर सांगता येतेय. तिने विचारलं होतं, घेतलं असतंत का. सर, घेतलं असतं. स्टाफरूममध्ये नको म्हणाले तेव्हा मी खुर्चीवरून उठले नव्हते, आठवतंय? तुम्हाला वाटलं असेल, मुलगी भारावून गेली. मी तुमच्या दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसले होते. तुम्ही घड्याळ बघून तासाला निघून गेलात, तरी मी थोडा वेळ तिथेच होते.