मास्तरांची धून आणि बाजूचं दार

३ मार्च
मास्तर येणार! पुस्तकांच्या दुकानामागच्या हॉलमध्ये. हॉल कसला, जुनं गोदाम. व्हायोलिनमधला एवढा मोठा माणूस, पण वय झालं, आता म्हणे मोठ्या गर्दीत वाजवत नाहीत. बरोबरच आहे. मलाही गर्दी खपत नाही.

आमच्या कॅसेटवर त्यांची ती धून आहे. शेवट नाही. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा मशीनने टेप खाल्ली. मी चिकटपट्टीने जोडली, झकास जोडली, पण शेवट गेला तो गेलाच. तेव्हापासून धून तिथे येऊन तुटली की ही माझ्याकडे बघते. बोलत नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

यंदा शेवट ऐकायचाच. दोघांनी.

५ मार्च
तिकिटं संपली. हॉलवाला रडत होता, स्टेजच्या फळ्या करकरतात, बाजूचं दार वाऱ्याने आपटतं, मास्तरांना आवाज चालत नाही. म्हटलं, फळ्या आणि दार माझ्याकडे, पुढच्या दोन खुर्च्या तुझ्याकडे. सुतारकामात हयात गेली. सौदा पक्का.

८ मार्च
फळ्या झाल्या. वर उड्या मारून बघितलं. चूं नाही.
हॉलवाला म्हणे, दाराला नुसती कडी बसवा, पलीकडेच बाथरूम आहे, लोकांना लागतं. नसती थेरं. माणसाला दोन तास धरवत नाही? फटीत रबर ठोकलं, लांब स्क्रूने दार चौकटीलाच आवळलं. वर स्क्रूची डोकी घासून सपाट केली, म्हणजे कुणी शहाणा खोलायला नको. आता हत्ती आला तरी हलत नाही.

९ मार्च
डॉक्टरने लघवी आवरायची गोळी दिलीय. घेणार नाही. गोळ्या खाऊनच माणूस आजारी पडतो.
ही म्हणाली, मधल्या वाटेकडची खुर्ची घेऊ, तुम्हाला उठावं लागतं. म्हटलं, कधी उठतो मी? भिंतीकडची खुर्ची सांगून आलो, दाराला लागून.

११ मार्च, संध्याकाळी पाच
निघतोय. दोनदा चहा झाला. ही म्हणाली, पुरे. म्हटलं, घसा कोरडा नको. ती म्हणाली, तुम्ही गाणार आहात का?

१२ मार्च
कार्यक्रम छान झाला.

आता खरं काय ते. हॉल खच्चून भरला. गुडघ्याला गुडघा, मधल्या वाटेतसुद्धा स्टुलं. पहिली चीज मस्त. दुसरीला सुरुवात झाली. म्हणजे मला. तिसरीला पायावर पाय. चौथी कुठली होती माहीत नाही, मी फळ्या बघत होतो. समोर स्टेज, डावीकडे दार, उजवीकडे ही, तिच्या पलीकडे मांडीवर पिशव्या घेतलेल्या बायका.

मग मास्तर म्हणाले, आता ती जुनी धून. हिने माझा हात धरला. मी करकचून आवळला. तिला वाटलं प्रेम. होतंही, पण तेवढंच नव्हतं.

धून तुटायच्या जागेवर आली आणि मी उठलो. दार ढकललं. खांदा लावला. केसभर हललं नाही. काम म्हणजे काम.

मास्तरांनी वाजवणं थांबवलं. विचारलं, काय हो काका, उघडत नाही का? ऐंशीचे ते, आणि काका मी! हॉलवाला मागून ओरडला, त्यांनीच बंद केलंय! सगळे हसले. ही पण. मास्तर म्हणाले, जा इकडूनच. बूट हातात घेऊन स्टेजवरून, मागच्या पडद्यातून गेलो. फळ्या वाजल्या नाहीत. हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाथरूम त्याच दाराच्या पलीकडे. म्हटलं, इथून ऐकू. दाराला कान लावला. एक सूर बाहेर आला नाही. रबर चांगलं बसलंय.

परत आलो तर टाळ्या चालू. ही डोळे पुसत होती. तरी मास्तर माझ्यासाठी वाजवता वाजवता थांबले होते. किती जणांसाठी थांबले असतील?

१३ मार्च
हॉलवाल्याचा फोन. दार उघडून द्या. म्हटलं, बघतो. उघडणार नाही. फोडावं लागेल.

ही सकाळपासून भाजी चिरताना शेवट गुणगुणतेय. मी खोलीत गेलो की थांबते. शेवटी विचारलं, कसा आहे गं? म्हणाली, आधी गोळी.

घेतली. मग तिने दोन ओळी म्हटल्या. बेसूर. तरी म्हटलं, पुढचं?

म्हणाली, उद्याच्या गोळीला.